बाई 'वडील' होऊ शकते का?

मंगळवेढ्याहून मी परत आले. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा एसटीत हेडफोन घरी राहिल्याची आठवण होते, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, थोडी झाडझूड केलीय एवढंच.

मागचा एपिसोड कान्होपात्रेवर होता. तो टाकल्यावर चौथ्या दिवशी एक व्हॉइस नोट आली. पाठवणारी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आपल्याच जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून घेत नाही. तिची आई बावीस वर्षं चर्चमध्ये संडे स्कूल घेते. उपासनेला पेटी तीच वाजवते. नाताळच्या आदल्या रात्री गायनाचा गट घरोघरी फिरतो, तोही तिच्याच मागे. यंदा मंडळीच्या कमिटीसाठी कुणीतरी तिचं नाव सुचवलं. तेव्हा एक वयस्कर काका म्हणाले, "अहो, कमिटीत बसायचं म्हणजे मंडळीचे वडील व्हायचं. बाई कशी वडील होणार?" सगळे हसले. आईपण हसली. आणि घरी येऊन रात्रभर कुणाशी बोलली नाही.

मुलगी पुढं म्हणते, "ताई, आजोबा मूळचे कोल्हापूरकडचे. ते म्हणायचे, आपली जुनी रीत प्रेस्बिटेरियन. हे तिथूनच आलंय का? तुम्ही कान्होपात्रेचं सांगितलंत, तसं आमचं पण शोधून सांगा ना."

मी ती नोट तीनदा ऐकली. आजचा एपिसोड तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी.

आधी त्या शब्दाकडे बघू, कारण काकांनी सगळा डाव शब्दावरच मारलाय. ग्रीक भाषेत 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वयानं, मानानं मोठा माणूस. प्रेस्बिटेरियन म्हणजे अशा मोठ्या माणसांनी चालवलेली मंडळी. राजा नाही, बिशप नाही. लोकांनी निवडलेले काही जण आणि पाळक, म्हणजे पास्टर, एकत्र बसून निर्णय घेणार. सतराव्या शतकात हा विचार इतका धोकादायक वाटायचा की राजे त्याला घाबरायचे. मराठी बायबलमध्ये या माणसांना शब्द आला 'वडील'. शब्द चांगलाच आहे. आपण 'वडीलधारी' म्हणतो तेव्हा त्यात आजीपण येते. पण नुसतं 'वडील' म्हटलं की डोळ्यांसमोर बाप उभा राहतो. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचे नाव' असतं, तेच वडील. म्हणजे इतर भाषांत बाईला जे दार नियमानं बंद होतं, ते मराठीत शब्दानंही बंद दिसतं. काका काही फार मोठे धर्मपंडित नव्हते. त्यांना फक्त मराठी येत होतं.

तुम्ही म्हणाल, वारकरी घरातली मुलगी चर्चच्या भानगडीत कशाला पडते? सांगते.

आमची आजी एकोणीस वर्षं वारीला गेली. प्रत्येक वर्षी डोक्यावर तुळशीवृंदावन. पाऊस असो, चिखल असो, ते खाली ठेवायचं नाही. दिंडीत वीणा मात्र तिच्या गळ्यात एकदाही आली नाही. वीणेकरी म्हणजे दिंडीचा मान, तो थांबला की दिंडी थांबते. मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, तू का नाही वीणा घेत? तुला तर सगळे अभंग पाठ आहेत." आजी म्हणाली, "आगं, बायकांनी तुळस घ्यायची असती." संपला विषय. आता काही दिंड्यांत बायका वीणा घेतात, बायका कीर्तनं करतात, यूट्यूबवर त्यांचे लाखो ऐकणारे आहेत. पण आजीच्या एकोणीस वर्षांत तसं काही झालं नाही.

आणि आमचं गाव तर या प्रश्नाचं घरच आहे. लोकांना मंगळवेढा म्हटलं की मालदांडी ज्वारी आठवते, दामाजीपंत आठवतात. मला आठवते सोयराबाई. चोखोबांची बायको, चौदाव्या शतकातली. नवरा गावकुसाच्या कामावर वेठीला, आणि १३३८ मध्ये ते कुसूच अंगावर कोसळून गेला, इथंच. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या बाहेर. कारण आत जायची परवानगी जिवंतपणीही नव्हती. सोयराबाईचे साठ-बासष्ट अभंग आज आपल्याकडे आहेत. एकात ती सरळ विचारते की विटाळ विटाळ म्हणता, पण विटाळाशिवाय कुठला देह जन्माला आला ते दाखवा. सातशे वर्षांपूर्वी, एका महार बाईनं, पाळीवरून आणि जातीवरून एकाच दमात. आज हे कुणी इन्स्टाग्रामवर लिहिलं तरी कमेंटमध्ये आग लागेल.

तिचे अभंग देवळात पोचले. ती स्वतः पोचली नाही. पंढरपूरचं दार दलितांसाठी उघडलं ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर.

कान्होपात्रेचं मागच्या वेळी सविस्तर झालंय, त्यामुळे थोडक्यात. पंधरावं शतक, मंगळवेढ्याच्या श्यामा नावाच्या नायकिणीची मुलगी. बिदरच्या बादशहाकडून बोलावणं आलं, ही वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेली आणि परंपरा सांगते की विठ्ठलाच्या पायाशीच तिनं प्राण सोडला. देवळात तिच्या नावानं तरटीचं झाड दाखवतात. एक गोष्ट त्या एपिसोडमध्ये राहून गेली होती. विसाव्या शतकात कान्होपात्रा महाराष्ट्राच्या घराघरात गेली ती १९३१ च्या 'संगीत कान्होपात्रा' नाटकातून, आणि ती भूमिका केली होती बालगंधर्वांनी. बालगंधर्व ग्रेटच, त्यात वाद नाही. पण गंमत बघा, देवापुढे स्वतःच्या आवाजात गायलेल्या बाईचा आवाज आपण ऐकला तो पुरुषाच्या गळ्यातून.

हे डोक्यात असताना ती व्हॉइस नोट ऐकली तर काय वाटेल? मला तरी ती ओळखीची वाटली. म्हणून शोधायला बसले.

तर चला स्कॉटलंडला. प्रेस्बिटेरियन मंडळीचं मोठं घर तेच. तिथला मुख्य सुधारक जॉन नॉक्स. त्यानं १५५८ मध्ये एक पुस्तिका छापली, तिच्या नावाचा अर्थ साधारण असा: बायकांच्या अघोरी राज्याविरुद्ध पहिला कर्णा. बाईनं राज्य करणं निसर्गाच्या आणि देवाच्या विरुद्ध आहे, असा त्याचा दावा. त्याचा राग होता त्या वेळच्या कॅथलिक राण्यांवर. पण त्याच वर्षी इंग्लंडच्या गादीवर बसली पहिली एलिझाबेथ, प्रोटेस्टंट, म्हणजे त्याच्याच बाजूची. तिनं ते पुस्तक कधीच माफ केलं नाही. टायमिंग वाईट म्हणतात ते हे.

आता उलटी बाजू. १६३७, जुलै महिना, एडिनबरोचं सेंट जाइल्स चर्च. राजा पहिला चार्ल्स यानं स्कॉटिश मंडळीवर नवीन प्रार्थनापुस्तक लादलं. पाळकानं ते वाचायला सुरुवात केली आणि परंपरेनं सांगतात की जेनी गेडिस नावाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईनं बसायचं स्टूल उचलून त्याच्या दिशेनं फेकलं. तिच्या नावाबद्दल इतिहासकार वाद घालतात, पण त्या दिवशी दंगा झाला आणि त्यात बायका पुढं होत्या हे पक्कं. पुढच्या वर्षी सगळ्या स्कॉटलंडनं राजाविरुद्ध करारनाम्यावर सह्या केल्या. म्हणजे जी उपासना वाचवायला बायकांनी स्टुलं फेकली, त्या उपासनेचा कारभार बघणाऱ्या वडिलांमध्ये पुढची सव्वातीनशे वर्षं एकही बाई बसली नाही. हा आकडा लक्षात ठेवा, आपण परत येऊ.

कारण काय द्यायचे? बायबलमधलं पौलाचं पत्र. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चौदाव्या अध्यायात तो म्हणतो की बायकांनी मंडळीत गप्प राहावं. झालं, मिटलं? नाही. त्याच पत्रात तीन अध्याय आधी तो सांगतो की बाईनं प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं. गप्प राहायचं असेल तर संदेश कसा देणार? डोकं झाकायची ती ओळ आपल्याकडे इतकी मुरलीय की मराठी चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की आजही किती तरी बायकांचा हात आपोआप पदराकडे जातो. आणि रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल ज्यांची नावं घेतो त्यांत किती बायका आहेत मोजा. पहिलंच नाव फीबीचं. तिच्यासाठी त्यानं जो ग्रीक शब्द वापरलाय तोच तो पुरुषांसाठी आणि स्वतःसाठीही वापरतो. मराठीत ती 'सेविका' झाली. पुरुष असता तर हुद्दा वाटला असता, बाई आहे म्हणून मदतनीस वाटते. परत भाषेचा खेळ.

आता जहाजात बसू. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. विल्सन कॉलेज माहीत असेलच, ते यांचंच. त्यांच्याबरोबर बायको मार्गारेट. पुस्तकांत विल्सनांवर पानंच्या पानं असतात आणि मार्गारेटवर परिच्छेद. पण ही बाई मराठी शिकली आणि आल्या वर्षीच मुंबईत मुलींच्या शाळा काढायला लागली. १८२९! पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, म्हणजे त्याच्या एकोणीस वर्षं आधी. घरोघरी जाऊन मुली गोळा करायच्या, आईबापांचा संशय झेलायचा, आणि त्यात स्वतःची लहान मुलं. सहा वर्षांत, १८३५ मध्ये, ती मुंबईतच वारली. गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेचं मूळ तिच्या कामात आहे.

जोतिराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४१ ते १८४७. ते मिशन प्रेस्बिटेरियनच. आणि 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी? १८५७ मध्ये विधवांच्या हालांवर मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा हा माणूस पुढं पुण्यात स्कॉटिश फ्री चर्चचा पाळक होता. म्हणजे बाईनं शिकावं, बाईचे हाल थांबावेत, हे या मंडळीला पटत होतं. मनापासून पटत होतं. फक्त उपदेशाच्या व्यासपीठावर आणि वडिलांच्या बैठकीत बाई नको.

आता कोल्हापूर, म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या आजोबांचा मुलूख. तिथं स्कॉटिश नाही, अमेरिकन आले. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. पुढं सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ला असं पसरत गेलं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल यांचंच, १८९४ चं. कोल्हापुरात मेरी वानलेस हॉस्पिटल आहे, एस्तेर पॅटन हायस्कूल आहे. बायकांची नावं इमारतींवर भरपूर दिसतात.

या वाइल्डरांची मुलगी ग्रेस, कोल्हापुरात जन्मलेली. भाऊ रॉबर्टही तिथलाच. १८८६ मध्ये अमेरिकेत कॉलेजातल्या पोरांची एक चळवळ उभी राहिली, हजारो तरुण मिशनरी व्हायला तयार झाले. इतिहासात त्या चळवळीचा नेता म्हणून रॉबर्टचं नाव येतं. ग्रेसनं त्याच्या आधीच आपल्या कॉलेजात मैत्रिणींचा तसाच गट उभा केला होता, आणि भावाच्या मागं बसून ती प्रार्थना आणि आखणी करत होती. रॉबर्ट सभा घेत फिरला. ग्रेस आईबरोबर परत कोल्हापूरकडे आली आणि आयुष्यभर इथल्या बायकांत काम करत राहिली. मला हे वाचताना सारखी आजीची तुळस आठवत होती.

अशा एकट्या मिशनरी बायकांबरोबर काम करायच्या इथल्याच ख्रिस्ती बायका, त्यांना बायबल वूमन म्हणायचे. पुष्कळदा विधवा. वाडीवस्तीवर चालत जायचं, ज्या घरात परका पुरुष शिरू शकत नाही तिथं स्वयंपाकघरापर्यंत जायचं, वाचायला शिकवायचं, गोष्ट सांगायची, गाणं शिकवायचं, आजाऱ्याला औषध द्यायचं. खरं तर ती उपदेशच करत होती. पण ओट्यावर बसून केलं की ते 'शिकवणं' आणि व्यासपीठावर उभं राहून केलं की तो 'उपदेश'. त्यांच्या कामाशिवाय महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्या उभ्याच राहिल्या नसत्या. त्यांची नावं मात्र शोधायला गेलात तर दमाल.

आता पैशाची गोष्ट, कारण मला वाटतं खरी गाठ इथं आहे. अमेरिकेत प्रेस्बिटेरियन बायकांनी स्वतःच्या संस्था काढल्या होत्या. पै पै गोळा करायची, स्वतः मिटिंगा घ्यायच्या, स्वतः ठरवायचं की कुठल्या देशात कुठली शिक्षिका, कुठली डॉक्टर पाठवायची. चर्चमध्ये मत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारी स्वतःचं वेगळं घर बांधलं असं समजा. १९२३ मध्ये पुरुषांच्या सभेनं कारभार 'सुटसुटीत' करायचा म्हणून ते घर मोठ्या बोर्डात विलीन करून टाकलं. ज्यांनी पन्नास वर्षं पैसा उभा केला त्यांना नीट विचारलंही नाही. आपल्याकडे बचत गटाचा पैसा ग्रामपंचायतीनं न विचारता आपल्या खात्यात वळवला तर जे होईल, तेच झालं. बायका भडकल्या. १९२७ मध्ये कॅथरीन बेनेट आणि मार्गारेट हॉज या दोघींनी मंडळीतल्या बायकांच्या अस्वस्थतेची कारणं सांगणारा अहवालच लिहिला. भाषा सभ्य, पण मुद्दा स्पष्ट: आम्ही काम करतो, देणगी देतो, आणि निर्णयाच्या वेळी आम्ही कुठंच नसतो.

मग १९३० मध्ये मतदान झालं. बाई पाळक होऊ शकते का? नाही. बाई 'वडील' होऊ शकते का? हो! १९३०, मंडळी. म्हणजे ज्या चर्चनं कोल्हापूरला माणसं पाठवली, त्या चर्चनं काकांच्या प्रश्नाचं उत्तर काकांच्या जन्माआधी देऊन टाकलं होतं. पाळकाचं दार उघडायला आणखी २६ वर्षं गेली. १९५६ मध्ये मार्गारेट टाउनर ही त्या चर्चची पहिली दीक्षित बाई पाळक झाली.

आणि स्कॉटलंड? तो सव्वातीनशेचा आकडा. मेरी लस्क नावाच्या डिकनेसनं, म्हणजे चर्चच्या पूर्णवेळ सेविकेनं, १९६३ मध्ये सर्वोच्च सभेपुढे अर्ज केला की मला पाळकपदाची हाक आली आहे असं मला वाटतं, तुम्ही तपासून बघा. फक्त एवढंच. १९६६ मध्ये बायकांना वडील होण्याची मुभा मिळाली, १९६८ मध्ये पाळक होण्याची. २००४ मध्ये त्या सर्वोच्च सभेच्या अध्यक्षपदी पहिली बाई बसली, ॲलिसन एलियट. ती पाळक नव्हतीच, वडील होती. 'वडील होती.' हे वाक्य मराठीत म्हणून बघा, जिभेला कसं लागतं ते. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, चौथ्यांदा नाही वाटलं. 'सरपंच आल्या' हे आपल्याला आता कुठं खटकतं?

इथं थोडं थांबून सोलापूरचं सांगते, नाहीतर आपल्या जिल्ह्याचे लोक रुसतील. सोलापूर आणि नगर भागात प्रेस्बिटेरियन नाही, अमेरिकन मराठी मिशन होतं, त्यांची पद्धत काँग्रिगेशनल. या मिशनच्या मंडळीतली बाई तुम्ही शाळेत वाचलीय: 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हा या बाईचं जग कोसळलं. त्या काळात ती राहिली कुठं? पंढरपुरात, बहिणीच्या घरी. आमच्यापासून तासाभराच्या आत. सोवळ्यात वाढलेली, धड लिहिता-वाचता न येणारी बाई त्या दुःखात कविता करायला लागली. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, तिनं स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागं फरफटत नाही, आधी जातीचं खूळ डोक्यातून स्वतः काढून मग. टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणला, कीर्तन आणलं. आज मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर जे भजन होतं त्यात त्यांचा मोठा वाटा. टिळक गेल्यावर त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. ते कुणी पुरं केलं? लक्ष्मीबाईंनी, आणि बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत.

१९२४ मध्ये या दोन्ही घराण्यांचं, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, उत्तर भारतात एक संयुक्त चर्च झालं. पुढं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरमध्ये त्यात अँग्लिकन आणि इतर मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनलं. म्हणून आज महाराष्ट्रात बऱ्याच पाट्यांवर प्रेस्बिटेरियन हा शब्द दिसत नाही, फक्त आजोबांच्या बोलण्यात राहतो. या नव्या चर्चमध्ये बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेच्या चर्चमध्ये २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, आणि साधारण दशकभरानं उत्तरेच्या चर्चमध्ये ओडिशातल्या फुलबनीत व्हायोलेट नायक. म्हणजे कायद्यानं आपल्या मैत्रिणीच्या आईला कमिटीतच काय, कुठंही जायला आडकाठी नाही. आडकाठी ते हसणं आहे.

सगळीकडे असं नाही हेही सांगायला हवं. भारतात प्रेस्बिटेरियन हे नाव सगळ्यात जोरात टिकलंय ते मिझोराममध्ये, आणि तिथं बायकांना पाळकपदाची दीक्षा अनेक दशकं नाकारली गेलीय. आणि तिथलीच एक गोष्ट मला झोपू देत नाही. १९१० पासून तिथल्या बायका रोज स्वयंपाक करताना तांदळातून एक मूठ बाजूला काढतात, चर्चसाठी. 'बुहफाइ थाम', मूठभर तांदूळ. प्रत्येक घर, प्रत्येक वेळचं जेवण. तो तांदूळ गोळा करून विकतात आणि त्यातून केवढं तरी काम चालतं. शंभर वर्षांहून जास्त. मूठ बायकांची.

आजीला हे सांगितलं. आजी ज्वारी निवडत होती. म्हणाली, "आपल्यात पण काढत होतोच की मूठ. देवळाला, दिंडीला." मग बराच वेळ सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "त्या पोरीची आई पेटी वाजवती म्हणालीस न्हवं? मग ती नसली तर रविवारी गाणं कोण धरणार?"

मी सांगितलं की पंढरपूरला २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, आणि त्यानंतर मंदिर समितीनं पुजारी व्हायला सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनही, अर्ज मागवले. आजीला हे माहीतच नव्हतं. वारीला जाऊन माहीत नव्हतं. "बाया? पूजेला?" असं दोनदा विचारलं, आणि मग तिनं मला कान्होपात्रेचं झाड कुठल्या दाराजवळ आहे ते हातवारे करून समजावलं, जसं काही मी कधी पाहिलंच नाही.

त्या मुलीला मी फोन केला. हे सगळं सांगितलं, १९३०, १९६६, स्टूल, तांदूळ. तिला सगळ्यात जास्त आवडलं ते स्टूल. निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. आईनं अजून हो म्हटलेलं नाही, आणि नाही पण म्हटलेलं नाही. नाव द्यायचा कागद घरात आलाय. तिनं मला त्याचा फोटो पाठवला. वर लिहिलंय, 'वडिलांच्या निवडीसाठी नामनिर्देशन'. खाली तीन रकाने: नाव, वय, आणि तिसरा, 'वडिलांचे / पतीचे नाव'.

आईनं फक्त वय भरलंय.